मागच्या फळीतले दौलतदादा

आमच्या फुटबॉल टीमचा एक नियम आहे. ज्याच्या चुकीने गोल झाला, त्याने सगळ्यांच्या जर्सी घरी नेऊन धुवायच्या. मी पडलो गोलकीपर, त्यामुळे सहा वर्षांत मी धुतल्या तेवढ्या जर्सी बरकतपुऱ्यातल्या धोब्यानेही धुतल्या नसतील. चूक कुणाची, हे ठरवायला मॅचनंतर नारायणगुड्याच्या इराणी हॉटेलात बैठक बसते. त्या बैठकीत दौलतदादांएवढं भांडणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

दादा मूळचे नांदेडकडचे. तीस वर्षं सरकारी दवाखान्यात एक्स-रे काढतायत आणि दर रविवारी आमच्या मागच्या फळीत खेळतायत. स्वतःची चूक कबूल करणं त्यांना माहीतच नाही. एकदा जर्सी टाळायला त्यांनी त्या दिवशी वारा कसा उलटा होता, हे आम्हाला पाऊण तास समजावलं होतं.

गेल्या महिन्यात त्यांनी स्वतःच्याच गुडघ्याचा एक्स-रे काढून घेतला. तो वाचायला त्यांना डॉक्टर लागला नाही. ऑपरेशन ठरलं, खेळ कायमचा बंद. म्हणून काल, त्यांच्या शेवटच्या रविवारी, आम्ही त्यांना शेवटची दहा मिनिटं उतरवलं. एक-एक बरोबरी होती. अगदी शेवटच्या मिनिटाला दादा आपला माणूस सोडून बॉलमागे धावले, त्या मोकळ्या माणसाकडे पास गेला आणि त्याने माझ्या हाताखालून गोल मारला. हरलो.

हॉटेलात चहा आला. आमचा कॅप्टन सुधीर टेबलावर खेळाडूंच्या जागी कप मांडून म्हणाला, "आपला प्लॅनच चुकला. बरोबरी होती तर सगळ्यांनी मागे यायला पाहिजे होतं."

"मागे आलो म्हणून तर त्यांना मैदान मोकळं मिळालं," कौस्तुभ म्हणाला. तो पुढे खेळतो. "त्यांना वरच अडवायचं होतं."

मागे चार ठेवायचे की पाच, यावर दोघं तावातावाने बोलत राहिले. मीही गोल सोडून पुढे यायला हवं होतं, असं काहीतरी बडबडलो. सुधीरने सगळे कप इकडचे तिकडे केले, फक्त दादांच्या जागेवरच्या कपाला हात लावला नाही. आम्ही तिघंही खोटं बोलत होतो. दादांच्या चहावर साय आली.

शेवटी सुधीर जर्सींचं गाठोडं उचलत म्हणाला, "या वेळी मी नेतो."

"ठेव खाली," दादा म्हणाले. "हौला, खुळा समजलात काय मला? मयतीला आल्यासारखे बोलायलेत सगळे. श्रीकांत, तू गोलातून सगळं बघतोस. तू सांग."

मी तसा तोंडाचा फाटका माणूस, पण त्यांच्या सुजलेल्या गुडघ्याकडे बघून माझी जीभ रेटेना. मग मलाच माझी लाज वाटली.

"तुमचीच चूक, दादा," मी म्हणालो. "माणूस सोडून बॉलमागे पळालात. शाळेतली पोरंसुद्धा असं करत नाहीत."

सुधीरने टेबलाखालून मला लाथ मारली. दादांनी खुर्ची पुढे ओढली आणि आपला कप सुधीरच्या कपावर आदळला.

"माझी चूक? मी बॉलवर गेलो तर माझ्या माणसावर हा सुधीर यायला नको? आणि तू खांबाला चिकटून काय करायलास? मी नाही धुणार जर्सी. नक्को म्हणजे नक्को!"

"धुवाव्याच लागतील!" मीही ओरडलो.

गल्ल्यावरचा माणूस वळून वळून बघत होता. तासाभराने दादांच्या बायकोचा, विमलाबाईंचा, फोन आला. मॅच संपली का, असं त्या विचारत असाव्यात.

"नाही ना," दादा म्हणाले. "चालूच आहे अजून."