अक्काच्या किल्लीचं कुलूप

जळगाव जिल्ह्याला पूर्व खानदेश म्हणायचे, तेव्हापासून मी जुन्या पेट्या-कपाटांची कुलपं बदलत आलो. शाळा दुसरीपर्यंत. पण सागवानी पेटीला माझ्याइतकं साफ कुलूप बसवणारा गावात दुसरा नव्हता. खोटं कशाला बोलू?

मेहरूणच्या एका शेतकऱ्यानं आईची लग्नातली पेटी बैलगाडीत घालून आणली. आईही सोबत; सगळे तिला अक्का म्हणत. कुलपाचा खटका झिजलेला, किल्ली नुसती गरगर फिरायची.

मुलगा म्हणाला, "नवं टाका भाऊ, दोन किल्ल्यांचं."

अक्कानं कमरेची किल्ली मुठीत धरली. "कुलूप बदल. पन किल्ली मनी हाईच ऱ्हाई."

"अक्का, नवरदेव नवा अन् बाशिंग जुनं, कसं जमेल?"

"मंग बाशिंगना मापना नवरदेव दख!"

माझी बायको दारात कापूस निवडत होती, ती खो खो हसली. मग मला आत बोलावून म्हणाली, "अहो, दुसरी किल्ली सुनेच्या कमरेला जाईल. म्हातारीचा जीव त्यात अडकलाय. करा तिच्या किल्लीजोगं."

कुलपाला किल्ली कोणीही करतो. किल्लीला कुलूप करायला हात लागतो. कुलपाचं जुनं पितळी घर तसंच ठेवलं, आत खटका अन् स्प्रिंग नवी घातली. बायको किल्लीला दिव्याची काजळी धरून द्यायची. किल्ली फिरवली की जिथं अडे तिथं आत काळा डाग उमटे, तिथंच मी कानस मारी. काजळी जाड झाली तर डाग पसरतो. तिची कधी पसरली नाही. ती गेली, तेव्हापासून असलं काम मी परत पाठवतो. दुसऱ्याची काजळी मला चालत नाही.

त्या वेळी पेटी न्यायला सूनही आली. अक्कानं किल्ली फिरवली, खटका कट्‌कन बसला.

"अन् दुसरी किल्ली?" सुनेनं विचारलं.

"दुसरी व्हतीच कव्हय?" अक्कानं पुन्हा पेटी उघडली, तळातलं जरीचं लुगडं ओढून काढलं आणि सगळ्यांदेखत सुनेच्या हातात कोंबलं. "ले. मागती व्हती ना? आते मी तुले देस."

सुनेनं लुगड्याचा पदर उलगडून जर पाहिली. बायकोनं मला विचारलं, "झालं ना?"

"कुलूप तर झालं."

"मी कुलपाचं विचारत नाही," ती म्हणाली.

मी अन् मुलानं पेटी गाडीत चढवली. अक्का वर चढली आणि थेट पेटीवरच बसली.