चॅपेलच्या दारातली वही

एमलिनकाका गेले त्याच आठवड्यात लानवेरिनच्या नगरपरिषदेनं चौकात फलक लावला: गावाची थोर माणसं. सहा नावं आहेत. एक लोकरीच्या गिरणीचा मालक. त्याच्या मागांच्या खडखडाटानं गावातल्या पोरींची एक अख्खी पिढी बहिरी झाली. एक सेनापती, जन्मल्यावर तीन महिन्यांत इथून गेला तो परत आला नाही. तीन धर्मोपदेशक, तिघं एकमेकांशी बोलत नसत. आणि सहावा कॅडवालडर ग्विन-प्यू, आमच्या साप्ताहिकाचा मालक. त्याचा पुतळाही आहे. हातात पुस्तक दिलंय. ते पुस्तक त्यानं उघडलं तेवढं पुतळ्यातच, असं काका म्हणायचे.

एमलिन प्रॉथरो सतराव्या वर्षी त्या साप्ताहिकात लागले. काम एकच. मयत असली की चॅपेलच्या, म्हणजे प्रार्थनाघराच्या, दारात वही घेऊन उभं राहायचं आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाचं नाव लिहायचं. शुक्रवारी यादी छापून यायची. लोक आधी यादी वाचत, मग बाकीचं. नाव सुटलं तर माणूस दहा वर्षं ओळख दाखवत नसे. आमच्याकडे डेव्हिस आडनावाचे ढिगानं, म्हणून प्रत्येकाच्या घराचं नावही लिहावं लागे. ती सगळी घरं काकांना पाठ होती.

एकाहत्तर साली पाटीच्या दगडाच्या खाणीत छत कोसळून इड्वल बेब हा कामगार मेला. खाणीत ग्विन-प्यूची भागीदारी होती. तो मयतीला आला नाही. संध्याकाळी त्यानं यादी मागवली.

"माझं नाव कुठंय, प्रॉथरो?"

"तुम्ही आला नव्हता, साहेब."

"मी प्रत्येक मयतीला असतो. सगळं गाव वाचतं."

"वाचतं खरं. दारात मात्र कधी दिसला नाहीत."

काकांनी नाव लिहिलं नाही. मालकानं स्वतःच्या हातानं लिहिलं, सगळ्यात वर. त्यानंतर एक्केचाळीस वर्षं काका दारातच राहिले. बातमीदार झाले नाहीत. काढून टाकायची मात्र मालकाची छाती झाली नाही. कुठला डेव्हिस कुठल्या घरचा, हे दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं.

मी साहित्याची पदवी घेऊन परत आले आणि वाचनालयात लागले. साप्ताहिकाचे बांधलेले खंड माझ्या ताब्यात. काका माझ्या नात्यातले नव्हते, सगळं गावच त्यांना काका म्हणे; ते रोज येत आणि जुन्या याद्या तपासत. मार्चमध्ये एकदा म्हणाले, "नेस्ट, माझ्या वेळी तू दारात उभी राहा. येतील तेवढेच लिही. एक कमी नको, एक जास्त नको."

"काका, तुम्ही इतक्यात कुठं जाताय?"

"उभी राहशील का, ते सांग."

मी हो म्हटलं. तीन आठवड्यांनी मी खरंच दारात उभी होते. एकतीस माणसं आली. पहिली त्यांची बहीण, टेग्वेनमावशी. शेवटी नगराध्यक्षांची चिटणीस आली, हातात शोकसंदेशाचं कार्ड. नगराध्यक्ष म्हणजे मर्विन ग्विन-प्यू, पुतळ्याचा नातू.

"साहेब कामात आहेत. त्यांचं नाव वर घाल."

"आले की घालते."

"अगं, त्यांचं नाव नेहमीच असतं."

"तेच तर."

टेग्वेनमावशी आतून म्हणाल्या, "बाई, नंतर चहा आहे. साहेबांच्या वाटणीचं हॅम तुम्हीच खा. खायला तरी कुणी हजर असावं."

साहेब त्या वेळी चौकात होते. फलकाशेजारी उभं राहून फोटो काढून घेत होते.

साप्ताहिक आता दूरच्या शहरातून निघतं. त्याच्या गावातल्या जुन्या कचेरीत आता नखं रंगवून मिळतात. मी यादी घरांच्या नावांसकट पाठवली. शुक्रवारी छापून आलं: नगराध्यक्ष मर्विन ग्विन-प्यू आणि इतर उपस्थित होते. वर फलकाजवळचा फोटो.

मी ती ओळ कितीदा वाचली, सांगता येत नाही. मावशींनी एकदाच वाचली.

"म्हणजे मी इतर," त्या म्हणाल्या. "सख्खी बहीण."

मी शहरात फोन केला. तिथल्या पोरानं सांगितलं, नगराध्यक्षांच्या कचेरीतून मजकूर आला तो आम्ही घेतला, आणि एवढ्या नावांना जागा कुठली? तो उद्धट नव्हता. त्याला काही कळलंच नव्हतं.

साप्ताहिकाची एक प्रत अजून वाचनालयात येते. ती खंडात बांधायचं काम माझं. शनिवारी मावशींना बोलावलं. वहीतलं पान त्यांच्यासमोर फाडलं आणि त्या बातमीवर चिकटवलं. एकतीस नावं, एकतीस घरं. ग्विन-प्यूचं नाव, फोटो, सगळं खाली गेलं.

मावशींनी चष्मा लावला. बोटानं एकेक नाव शेवटपर्यंत वाचलं.

"निघणार नाही ना हे?"

"नाही."

तरी त्यांनी चारही कोपरे अंगठ्यानं पुन्हा दाबले.