थेंबरावांच्या टाकीचं कुलूप

थेंबरावांना शांत बसलेलं कुणी पाहिलं असेल, तर ते झोपेत असतील. आणि झोपेतही त्यांचा उजवा पाय ॲक्सिलरेटर दाबत असतो असं त्यांची बायको शपथेवर सांगायची. न्हाव्याच्या खुर्चीत बसले तरी माणूस तीनदा उठून गाडी नीट लावलीय का बघून यायचा. एकदा तर अर्धी दाढी साबणात ठेवून चौकापर्यंत गेले. कुणाच्या तरी गाडीचा पट्टा कुरकुरत होता, ते त्याला सांगायला.

खरं नाव काय ते घरच्यांना आणि लायसनला ठाऊक. बाकी सगळ्यांना ते थेंबराव. डिझेलचा थेंब वाया गेला तर हे दिवसभर त्याचा हिशेब सांगत बसायचे, म्हणून हे नाव पडलं. पंपावर त्यांची वेगळीच तऱ्हा होती. नळी खट्‌ करून बंद झाली की बाकीचे ड्रायव्हर झाकण लावून निघतात. थेंबराव खाली उतरायचे, पिकअपला खांदा लावायचे आणि पाळण्यासारखी डोलवायचे. डिझेलला फेस येतो. तो खाली बसला की वर आणखी दीड लिटर मावतं. परत भरायचं, परत डोलवायचं, अगदी काठोकाठ डिझेल दिसेपर्यंत. "फेसावर हिशेब करणारा ड्रायव्हर आणि फेसावर पोहणारा माणूस, दोघंही बुडतात," असं पंपावरच्या पोराला ऐकवायचे. मागच्या गाड्या हॉर्न वाजवून थकायच्या.

पिकअप होती गाद्यांच्या कारखान्याची. सव्वीस वर्षं त्यांनी कारखान्याच्या गाड्या चालवल्या, आणि लिटरला बाराच्या खाली ॲव्हरेज कधी येऊ दिलं नाही. इतर ड्रायव्हर फुशारकी मारायचे ती वेगाची. हे मारायचे ती बाराची.

मग स्पंजच्या गाद्यांची मागणी वाढली. मालकीणबाईंनी पिकअपला मागे जोडायला एक ट्रेलर घेतला. दोन चाकांचा आणि इतका हलका की एक हमाल दांडी धरून अंगणभर फिरवायचा. त्यात गाद्या उभ्या रचायच्या, वर ताडपत्री, दोरीनं आवळायचं. उंची इतकी व्हायची की पिकअपच्या टपावरून हातभर वर दिसायची, आणि वजन? सगळं मिळून चार माणसांएवढंसुद्धा नाही.

पहिल्याच आठवड्यात ॲव्हरेज नऊवर आलं.

बाईंनी डिझेलच्या हिशेबाचा कागद पाहिला, थेंबरावांकडे पाहिलं, आणि एवढंच म्हणाल्या, "कापूस ओढायला एवढं डिझेल लागतं का हो?" बोलणं तिथंच संपलं. दुसऱ्या दिवशी सकाळी टाकीच्या झाकणाला पितळी कुलूप लटकत होतं, आणि किल्ली होती फाटकावरच्या वॉचमनकडे. डिझेल भरायचं तर त्यानं पंपावर सोबत जायचं, कुलूप त्यानंच काढायचं आणि त्यानंच लावायचं.

आता खरी मेख अशी की हा वॉचमन म्हणजे थेंबरावांचे सख्खे व्याही. थेंबरावांची एकुलती एक लेक त्यांच्या घरात दिलेली. बाईंना हे ठाऊक नव्हतं. सगळ्या जगात कुणाच्याही हातात किल्ली गेली असती तरी चाललं असतं, पण ती नेमकी गेली लेकीच्या सासऱ्याच्या हातात. लेकीच्या सासरी ज्याच्यापुढे मान ताठ ठेवायची, त्याच्याचपुढे डिझेलचोर ठरायचं. इतके दिवस पायाला भिंगरी होती. आता ती डोक्यात फिरायला लागली.

व्याही बिचारे मऊ माणूस. सकाळी फाटकाशी गाडी आली की खाली मान घालून म्हणायचे, "व्याही, माझ्या मनात काही नाही हं."

"तुमच्या मनात नसेल हो. पण किल्ली खिशात आहे ना?"

यावर ते फाटक उघडायचे. थेंबराव तोंडानं एवढंच बोलायचे, पण त्यांचे हातपाय गप्प बसत नव्हते.

सगळ्यात आधी त्यांनी ट्रेलरच्या टायरची हवा तपासली. ती बरोबर होती. ट्रेलर जॅकवर चढवून चाकं हातानं फिरवली, तर ती फिरत राहिली ती राहिलीच, मधे एक बिडी ओढून झाली. बेअरिंगला नवं ग्रीस, इंजिनाला नवा फिल्टर, डिझेल भरायचा पंपसुद्धा बदलून पाहिला. मेकॅनिककडे इतक्या चकरा मारल्या की तो एकदा कावून म्हणाला, "थेंबराव, गाडी ठणठणीत आहे. तुम्ही तेवढे डॉक्टरकडे जा." ॲव्हरेज नऊच्या वर सरकेना. दोनदा तर आठ लागलं. त्या दोन्ही दिवशी उशीर झाला होता म्हणून गाडी दामटली होती, पण त्यांनी तिकडे लक्षच दिलं नाही. चोर शोधायला निघालेला माणूस स्वतःच्या पायाकडे कशाला बघतोय.

घरी तर कहर. ताटावरून उठायचे, खिडकीत जायचे, परत बसायचे. बायको म्हणाली, "अहो, उतू जाणारं दूधसुद्धा तुमच्यापेक्षा एका जागी राहतं."

"लेकीला काय सांगितलंस?"

"काय सांगायचं? रविवारी बोलावलंय तिनं, तुम्ही नाही म्हणालात. तिसरा रविवार हा. ती विचारत होती, बाबा रुसले का म्हणून."

थेंबराव उठले. चप्पल घालून खाली गेले आणि उगाच गाडीची काच पुसून आले.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी बाईंनी दोघांनाही बोलावून घेतलं. तोवर नात्याची बातमी त्यांच्या कानावर गेली होती. टेबलावर बोट वाजवत त्या म्हणाल्या, "कुलूप लावूनही डिझेल जातंच आहे. म्हणजे तळं राखणाराही पाणी चाखतोय असं समजायचं का मी? व्याही व्याही मिळून?"

व्याह्यांचा चेहरा पांढराफटक पडला. थेंबराव म्हणाले, "बाई, मला सोमवारपर्यंत वेळ द्या. डिझेल कुठं जातं ते दाखवतो. नाही दाखवलं तर तुमच्या गाडीची चावी टेबलावर ठेवीन, आणि यांना मात्र काही म्हणायचं नाही."

"सोमवार," बाई म्हणाल्या.

बाहेर आल्यावर थेंबराव जरा सावरले. "एक बरं आहे. कुलूप होतं, म्हणजे टाकीतून कुणी काढलं नाही एवढं तरी सिद्ध झालं. जे गेलं ते इंजिनातूनच गेलं."

व्याही घुटमळले. टोपी काढली, परत घातली.

"व्याही, एक सांगायचंय. रागावू नका. ते कुलूप... मी नुसतं अडकवायचो."

"म्हणजे?"

"दाबलं नाही कधी. पहिल्या दिवसापासून. तुम्ही पोटची मुलगी दिलीत आम्हाला, आणि मी तुमच्या टाकीला कुलूप लावू? हात धजेना."

मंडळी, आयुष्यात कुणी आपल्यावर एवढा विश्वास टाकावा आणि आपल्याला डोक्याला हात लावून बसावं लागावं, असे प्रसंग थोडेच. थेंबराव कट्ट्यावर मटकन बसले. लगेच उठलेही.

"अहो, तुमच्या चांगुलपणानं माझा गळा कापला की. उघड्या कुलपाची साक्ष कोण मानणार?"

"मग आता?"

"आता लावा. कडेकोट लावा. ओढून बघा. आणि किल्ली माझ्या सावलीलासुद्धा दिसू देऊ नका."

चोरीचा आळ असलेला माणूस स्वतःच कुलूप लावा म्हणून मागे लागलाय, हे पाहून हमाल दिवसभर हसत होते.

पण दाखवायचं काय? डिझेल कुठं जातं हे थेंबरावांना तरी कुठं माहीत होतं? सोमवार म्हणता म्हणता मानेवर येऊन बसला. रविवारी सकाळी ते घरात येरझाऱ्या घालत होते, इतक्या की बायकोनं वैतागून जुनी स्पंजची गादी उचलली आणि उन्हात टाकायला गच्चीवर निघाली. त्या दिवशी वारं होतं. दोन मिनिटांनी वरून हाक आली.

"अहो, या जरा. ही बया मला पुढे जाऊ देत नाही."

थेंबराव धावत वर गेले. बायको गादी समोर उभी धरून कठड्याकडे जायला बघत होती आणि वारा तिला मागे रेटत होता.

"एवढीशी गादी आणि तुला पेलवेना?"

"पेलायचं काय त्यात? एका हातानं उचलीन. वजन नाही हो, वाराच चालू देत नाही. घाईनं निघाले तर जास्तच ढकलतो. हे बघा, हळू हळू गेले तर जमतं. आणि आडवी धरली तर काहीच नाही."

तिनं गादी आडवी करून डोक्यावर घेतली आणि सरळ चालत गेली.

थेंबराव जागच्या जागी उभे राहिले. लग्नानंतर पहिल्यांदाच ते पूर्ण एक मिनिट हलले नाहीत. बायको घाबरली. "काय होतंय?"

"काही नाही. तू परत एकदा उभी धर."

तिनं चार वेळा उभी धरली, चार वेळा आडवी धरली. शेजारची बाई आपल्या गच्चीवरून बघत होती. तिनं नंतर चाळभर काय सांगितलं तो विषय वेगळा.

सोमवारी सकाळी बाई, व्याही आणि थेंबराव असे तिघं पुढच्या सीटवर. व्याही मधे, किल्ली मुठीत. ट्रेलरमध्ये नेहमीच्या उंचीवर गाद्या. पंपावर व्याह्यांनी कुलूप काढलं, थेंबरावांनी गाडी डोलवून काठोकाठ भरली, व्याह्यांनी कुलूप लावून ओढून बघितलं. मग हमरस्त्यानं चाळीस किलोमीटर जायचं, चाळीस यायचं, नेहमीच्या ऐंशीच्या वेगानं. परत त्याच पंपावर त्याच जागी गाडी उभी केली. भरलं, डोलवलं, भरलं. साडेनऊ लिटर.

"साडेआठसुद्धा ॲव्हरेज नाही," बाई म्हणाल्या. "आणि हे तुम्ही मला अभिमानानं दाखवताय?"

"थांबा बाई. आता वजन वाढवू."

गाद्या उतरवल्या आणि ट्रेलरच्या तळाला वाळूची बारा पोती टाकली. गाद्यांच्या तिप्पट वजन, पण उंची गुडघ्याएवढी. तोच रस्ता आणि तोच वेग. परत येताना बाईंची नजर डिझेलच्या काट्यावर होती. पंपावर नळी खट्‌ झाली. थेंबरावांनी गाडी डोलवली. बाईंनीही नकळत एक हात लावला.

सव्वासात लिटर.

पंपावरच्या पोरानं आकडा दोनदा वाचला. बाईंनी स्वतः तिसऱ्यांदा वाचला.

"वाळू ओढायला कमी, आणि स्पंज ओढायला जास्त?"

"बाई, गाडी गाद्या ओढत नाही. वारा ढकलते. टपावर हातभर भिंत उभी केलीय आपण. वाळूचं ओझं चाकावर, गाद्यांचं ओझं वाऱ्यावर. हे मला गच्चीवर कळलं, ते कुणी शिकवलं ते विचारू नका. घरात आधीच तिचा रुबाब वाढलाय."

बाई हसल्या नाहीत. जरा विचार करून म्हणाल्या, "मग गाद्या काय मी घडी घालून पाठवू?"

"टपाच्या उंचीच्या वर रचायच्या नाहीत, हे एक. आणि दुसरं..." इथे थेंबरावांचा आवाज जरा उतरला. "दुसरं म्हणजे साठच्या वर जायचं नाही."

तिसरी फेरी त्यांनी मारली ती साठनं. वाळू काढून गाद्या पहिल्यासारख्याच उंच रचल्या. ज्यांना थेंबराव ठाऊक आहेत त्यांनाच कळेल त्या दीड तासात त्यांचं काय झालं असेल. ट्रक पुढे गेले, बस पुढे गेली, कोंबड्यांचा टेम्पो पुढे गेला आणि त्यातल्या कोंबड्यांनी मान वळवून बघितलं. डावा पाय नुसता थरथरत होता. मधे बसलेल्या व्याह्यांनी शेवटी त्या गुडघ्यावर हात ठेवला. पंपावर पावणेआठ लिटर लागलं.

कारखान्यात परतल्यावर बाईंनी व्याह्यांकडून किल्ली घेतली. पदर सावरून स्वतः खाली वाकल्या, टाकीचं कुलूप काढलं, आणि सगळ्या हमालांसमोर व्याह्यांच्या हातात दिलं. "हे मागच्या फाटकाला लावा," म्हणाल्या. "आणि तिथं तरी दाबून लावा." म्हणजे ती गोष्टसुद्धा त्यांच्या कानावर गेली होती तर. मग थेंबरावांकडे वळून थोडं थांबल्या. "सव्वीस वर्षं गाडी चालवताय. मी हे आधी तुम्हालाच विचारायला हवं होतं."

थेंबरावांनी मान डोलावली. पुष्कळ काही बोलायचं त्यांनी तीन आठवडे पाठ करून ठेवलं होतं. ते सगळं सोडून ते ट्रेलरची दोरी आवळायला गेले.

संध्याकाळी ते बायकोला घेऊन लेकीकडे गेले. लेकीनं दार उघडलं, बापाचं तोंड बघितलं आणि काही न विचारता चहा ठेवायला आत गेली. थेंबराव खुर्चीवर बसले, उठले, खिडकीत गेले, बाहेर गाडीकडे नजर टाकून आले, पुन्हा बसले, पुन्हा उठले.

व्याही आरामात लोडाला टेकले होते.

"बसा हो, व्याही," ते म्हणाले. "घरात तरी साठच्या वर जाऊ नका."