जाऊबाईंच्या पिल्लांचे कोट

गेल्या आठवड्यात एका सकाळी आमची बकरी रानी व्याली. खमरियाच्या पुढे, वस्ती संपते तिथे आमची दोन घरं आहेत... एक आमचं, एक माझ्या धाकट्या दिराचं. मध्ये कमरेएवढी भिंत. भिंतीच्या अलीकडे माझ्या कोंबड्या-बकऱ्या आणि पलीकडे माझी जाऊ रेखा हिच्या.

जबलपूरला कुठे थंडी असते, असं म्हणणाऱ्या पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांनी जानेवारीत सकाळी येऊन आमच्या कोंबड्यांना पाणी घालून दाखवावं. कोहऱ्यात, म्हणजे दाट धुक्यात, बकरी दिसत नाही, नुसत्या लेंड्या पायाखाली येतात. हात इतके बधिर होतात की कोंबडीनं चोच मारली तरी ते बघून कळतं.

या थंडीत माझ्या कोंबड्यांनी अंडी देणं बंद केलंय. भिंतीपलीकडच्या देतात... आणि दिलं की सगळ्या मोहल्ल्याला ओरडून सांगतात. मी चहा घेत असते तेव्हाच. माझ्या कोंबड्या तेवढं ऐकतात, दाणे टिपतात आणि पुन्हा पंख फुगवून बसतात.

तेही मी गिळलं असतं. पण मागच्या महिन्यात रेखाच्या बकरीला दोन पिल्लं झाली, आणि तिनं त्यांना कोट शिवले. पोत्याचे कोट, त्यांना जुन्या साडीचे जरीचे काठ! फोटो फॅमिली ग्रुपवर आला आणि नागपूरच्या नणंदबाई, ज्यांनी माझ्या पन्नाशीला नुसता अंगठा पाठवला होता, त्यांनी तीन ओळी लिहिल्या. पिल्लांची दृष्ट काढायला सांगितली.

तेव्हाच ठरवलं... आपली रानी व्याली की बघा म्हणावं.

म्हणून लोकरीचा स्वेटर विणला. लाल, पांढरी नक्षी, पुढे दोन बटणं. रानीनं पिल्लाला चाटायला सुरुवात केली न केली तोच मी ते उचललं, कोमट पाण्यानं साबण लावून पुसलं, पावडर लावली आणि स्वेटर चढवला. आमचे हे दारात उभे होते. म्हणाले, "बारसं आजच आहे का?"

मी दुर्लक्ष केलं आणि फोटो काढायला पिल्लू रानीजवळ ठेवलं.

रानीनं ते हुंगलं... आणि डोक्यानं ढकलून दिलं.

मला वाटलं, फोटोला लाजली असेल. पुन्हा ठेवलं. या वेळी तिनं शिंगं लावली. पिल्लू कोलमडलं, उठलं, थरथरत पुन्हा सडाकडे गेलं आणि पुन्हा लाथ खाऊन आलं. थोड्या वेळानं तर त्यानं उठणंच सोडलं. पहिला चीक पोटात गेला नाही तर अशा थंडीत पिल्लू टिकत नाही, एवढं मलाही माहीत आहे. मी बाटलीनं पाजायला बघितलं, ते चोखेना. फोन कधीच गवतात पडला होता.

आमचे हे म्हणाले, "रेखाला हाक मार."

"नको."

"काहून नको?"

या प्रश्नाचं उत्तर कोणत्याही नवऱ्याला देता येत नाही. पिल्लानं मान टाकली तेव्हा मी भिंतीशी जाऊन हाक मारली. इतक्या हळू, की तिला ऐकू आली नसती तरी चाललं असतं... पण ती आली. भिंतीवरून उडी मारून आली. वय माझ्याहून चारच वर्षांनी कमी, पण गुडघे बघा!

तिनं पिल्लू उचललं, नाकाशी धरलं. "अरे देवा, ताई! हे तर नेपियर टाउनच्या ब्यूटी पार्लरातून आल्यावानी वास मारून राहिलं. तिला वाटते हे कोणाचं आहे!"

"तुझी पण कोट घालतात ना?" माझ्या तोंडून निघून गेलंच.

"ते पोतं आधी बकरीच्याच अंगाखाली अंथरलेलं असते जी. मग त्याचाच कोट शिवते. तिचाच वास... काठ काय, फोटोसाठी."

मी आजवर फक्त काठच पाहिले होते.

तिनं स्वेटर काढला, ओल्या फडक्यानं पावडर पुसली. रानी व्याली होती तिथलं ओलं गवत उचलून पिल्लाच्या पाठीवर, शेपटीखाली चोळलं. मग रानीचा चीक दोन धारा हातावर काढून तोही माखला. मी शिंगं धरली, तिनं पिल्लू पुढे केलं. रानीनं शेपटीखाली नाक घातलं आणि बराच वेळ तशीच उभी राहिली... मग चाटायला लागली. घशातल्या घशात पिल्लाशी काहीतरी बोललीही. तेव्हा रेखानं पिल्लाचं तोंड सडाला लावलं आणि ती शेपटी एकदाची हलायला लागली.

मी गवतात पडलेला फोन शोधायला लागले. तिच्यासमोर रडायची माझी तयारी नव्हती.

ती रानीच्या भरलेल्या कासेकडे बघत होती. म्हणाली, "ताई, तुमच्या रानीला किती दूध आहे न... माझीचं पुरतच नाही. पिल्लं अर्धपोटीच ओरडत राहतात. रोज भिंतीवरून बघते मी."

इतक्या वर्षांत भिंतीच्या पलीकडूनही कोणी बघत असेल, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. खरं सांगते, इतकं बरं मला नणंदबाईंच्या तीन ओळींनीही वाटलं नसतं.

आता रानीचं पिल्लू पोटभर प्यालं की उरलेलं दूध रोज सकाळी पेल्यातून भिंतीवरून पलीकडे जातं. देवाच्या दयेनं तिन्ही पिल्लं उड्या मारतात आणि रेखाचे उपकार मी विसरणार नाही... पेला मात्र बोटभर कमीच भरते. तेवढं मला राहू द्या.