डावी दांडी

धाकटा भाऊ गेल्यावर त्याचा ड्रोन भावजयीनं माझ्याकडं आणून दिला. काळी पेटी, आत पाय पोटाशी घेऊन बसलेलं यंत्र, एक रिमोट, तीन बॅटऱ्या. म्हणाली, "वर्षाच्या दिवशी तेवढं शेतावरनं फिरवा, दादा. दर सोमवारी ते मला वरनं शेत दाखवायचे. आता ते तितंच हायत. मला एकदा बघायचंय."

मी हो म्हणून बसलो. तो असताना किती वेळा म्हणाला होता, "दादा, शिकवतो की तुला." मी म्हणायचो, "पन्नाशी उलटली तरी खेळणी सुटेनात तुझी." बासष्टीत तेच खेळणं मांडीवर घेऊन बसायची पाळी आली, आणि शिकवणारा नाही.

महिनाभर सोलापुरातल्या घरी, पाती काढून ठेवून, मोबाइलवरचे व्हिडिओ बघत सराव केला. रिमोटची डावी दांडी पुढं ढकलली की यंत्र वर चढतं, मागं ओढली की खाली येतं, बाजूला नेली की जागच्या जागी फिरतं. पुढं, मागं, डावीकडं, उजवीकडं सरकायचं ते उजव्या दांडीनं. दोन्ही सोडल्या की ते हवेत आहे तिथं थांबतं. हे सगळं कागदावर लिहून टीव्हीला चिकटवलं होतं. बायको वैतागली, "जेवताना तरी अंगठे हलवू नका."

जेवताना. तिथंच तर सगळं आहे.

भाऊ जन्माचा डावरा. घास डाव्या हातानं उचलायचा. आई लगेच ओरडायची, "एडगै बेडा!" आमच्या घरात कानडी रागावण्यापुरती असायची, डावा हात नको, एवढाच त्याचा अर्थ. लक्ष ठेवायचं काम माझ्याकडं होतं. मी पाच वर्षांनी मोठा, ताटाशेजारी लाकडी पट्टी घेऊन बसायचो. डावा हात हलला की फाट. आईनं हळू मार म्हणून सांगितलेलं, पण मला जोर लावायला आवडायचं, हे आज लपवत नाही. दोन वर्षांत तो उजव्या हातानं जेवायला आणि वाकडंतिकडं लिहायला लागला. तक्रार कधी केली नाही.

आम्ही लिंगायत, आमच्यात जाळत नाहीत. मातीत मांडी घालून बसवतात, आणि डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवतात. त्या दिवशी त्याची मूठ आवळलेली होती. स्वामी म्हणाले, "थोरल्या भावानं उघडा." मी एकेक बोट सोडवलं. गार, जड बोटं. ज्या हातावर पट्टी मारली त्याच हातावर देव ठेवला, वरून माती लोटली आणि घरी आलो. तेव्हापासून तो हात माझी पाठ सोडत नाही. रोज सकाळी आंघोळ करून माझं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेतो, डोळे मिटतो, आणि समोर त्याची मूठ येते. आम्ही जन्मभर देव डाव्या हातातच धरतो. हे मला पट्टी मारताना का सुचलं नाही?

वर्षाला आठ दिवस राहिले तेव्हा मी आणि भावजय अक्कलकोट रस्त्याच्या शेतात गेलो. ज्वारी निघाली होती. समाधीच्या कट्ट्यावर तिनं विभूती आणि बेल वाहिला. वीस पावलांवर उभा राहून मी रिमोटच्या पडद्यावरचं उडवायचं बटण दाबलं. यंत्र गुणगुणत छातीएवढं वर आलं आणि थांबलं. आता आणखी वर न्यायचं म्हणून डावी दांडी पुढं ढकलली.

ते वर गेलं नाही. सरळ समाधीकडं निघालं.

घाबरून अंगठा सोडला. ते कट्ट्यासमोर, त्याच्याकडं तोंड करून हवेत उभं राहिलं. वारा नव्हता. मागं घ्यायला उजवी दांडी ओढली, तर ते खाली बसायला लागलं. पात्यांच्या वाऱ्यानं बेलाची पानं उडाली, विभूती पांढरी होऊन वर उठली. "अय्यो! हळू, दादा!" भावजय ओरडली. मी दोन्ही दांड्या सोडल्या. दिवसाढवळ्या, बासष्टाव्या वर्षी, मी मनात म्हणालो, अरे सोड, हात सोड माझा.

भावजय जवळ आली. माझ्या हातांकडं बघितलं. "उजव्यानं वर न्या. पुढं डाव्यानं. ते तसंच चालवायचे. म्हणायचे, घरात एवढंच एक माझ्या हाताचं हाय."

यंत्र उतरवून मी सेटिंग उघडलं. कोणती दांडी काय करेल याचे तीन प्रकार होते, आणि खूण व्हिडिओतल्या प्रकारावर नव्हती. त्यानं दांड्यांची कामं अदलाबदल करून घेतली होती. एक बोट टेकवलं असतं तर महिन्याभराचा सराव कामी आला असता. बोट पडद्यापर्यंत गेलंही. मग मला ताटाशेजारची पट्टी दिसली. मी रिमोट बंद केला.

आठ दिवस पुन्हा पहिल्यापासून शिकलो. टीव्हीवरचा कागद फाडला. डावा अंगठा ऐकेना, संध्याकाळपर्यंत ठणकायचा. ठणकू दे, म्हटलं.

वर्षाच्या दिवशी शेतात भावकी जमली. ड्रोन वर गेला खरा, पण अडखळत, झोकांड्या देत. भावजय पडद्यावर डोळे लावून माझ्या खांद्याशी उभी होती. लग्नांचं शूटिंग करणारा एक चुलतभाऊ थोडा वेळ माझे हात बघत राहिला, मग हसत पुढं आला.

"दादा, सेटिंग उलटं हाय की. आणा हिकडं, एका मिनटात सरळ करून देतो."

त्यानं रिमोटला हात घातला. मी त्याचा हात झटकला. सगळे बघायला लागले.

"हात लावू नको," मी ओरडलो. "सरळच हाय ते. त्याचा हात तसाच हाय."

वर यंत्र जागेवर थांबलं होतं. डाव्या अंगठ्यानं मी ते हळूहळू पुढं नेलं, समाधी पडद्याच्या मधोमध आली, आणि भावजयीनं पदर तोंडाला लावला. मला तेव्हा एवढंच वाटत होतं, की हे वाक्य पन्नास वर्षांपूर्वी, त्या ताटापाशी, आईला म्हणायला हवं होतं.