फाट्यावरची वही

यवतमाळहून आर्णीला जाणाऱ्या सकाळच्या एसटीत त्या मॅडम रोज डाव्या खिडकीशी बसायच्या. कॉलेजात शिकवतात, एवढंच मला माहीत. नाव मी कधी विचारलं नाही.

कापसाची वेचणी सुरू झाली की त्यांचा वर्ग ओस पडायचा. मग एका फाट्यावर, कमरेला कापसाची ओटी बांधलेली एक पोरगी शेतातून धावत यायची आणि खिडकीतून वही द्यायची. मॅडम कालची तपासलेली वही तिला परत करायच्या. तोवर कंडक्टर घंटी मारत नसे, आणि मला ऑफिसला उशीर व्हायचा.

एकदा मी वैतागून म्हणालो, "काहून एवढा आटापिटा, मॅडम? वेचणी संपली की येईलच ते पोरगी."

"अशा नाही येत पोरी," त्या म्हणाल्या. "आपली कोणी वाट पाहून राह्यलं, हे तिले रोज दिसलं पाहिजे."

त्यानंतर फाटा जवळ आला की मीही बाहेर बघू लागलो.

एका सकाळी ती पोरगी दप्तर घेऊन बसमध्येच चढली. केसांत अजून कापूस होता. मॅडमनी कधी कोणाला न दिलेली खिडकी तिला दिली.

"वही कुठं आहे?"

"आज मीच आली, मॅडम."

कंडक्टरनं घंटीची दोरी इतकी जोरात ओढली, की ड्रायव्हरनं मागं वळून पाहिलं.