चौथं लुगडं

माझं दुकान कुणाला दिसत नसे. देवळाली प्रवरा गावातल्या आमच्या घरी, पप्पांच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरमध्ये ते होतं. नव्याण्णव साली ही गोष्ट गल्लीत समजावून सांगणं मला झेपणारं नव्हतं, म्हणून मी सांगतच नसे. अमेरिकेतल्या मावसभावाने इंटरनेटवर एक पान तयार करून दिलं होतं: जुन्या सुती लुगड्यांच्या, हाताने शिवलेल्या गोधड्या. चेक त्याच्याकडे जात, ईमेल माझ्याकडे येत.

बोलायची मला भीती होती, लिहायची नाही. इंग्रजी शाळेने तेवढं दिलं होतं. मी उत्तरं आधी लिहून ठेवायची, मग इंटरनेट जोडायला फोनवरून पुण्याचा नंबर लावून सगळी एकदम पाठवायची आणि लगेच फोन तोडायची, कारण मिनिटामिनिटाला एसटीडीचे पैसे पडत.

पप्पांची अट एकच होती. "दिवाळीपर्यंत दुकानाने आपला खर्च आपण भागवायचा. नाहीतर बंद. बी.एड.चा फॉर्म आणून ठेवलाय मी."

बी.एड. म्हणजे पन्नास मुलांसमोर उभं राहून बोलायचं. फॉर्म कीबोर्डशेजारीच पडलेला असे.

फोनचा खर्च मी आवरला, पण टपाल आवरेना. पानावर मीच लिहिलं होतं, टपालखर्च आमचा. वेगळे पैसे मागायची लाज वाटली होती. तीन लुगड्यांची गोधडी दोन किलोंच्या आत बसते, असा माझा हिशेब होता. पोस्टातला काटा मात्र दर वेळी पुढे जाई आणि तिकिटं वाढत.

"मॅडम, अमेरिका आज पण जड!" पार्सलवाले काका ओरडत. रांग हसे. मी मुकाट्याने पैसे देई.

आधी वाटलं, काटाच चुकतोय. मग पार्सल शिवायचं मांजरपाट पातळ घेतलं. तरी तेच. शेवटी एक पार्सल न पाठवता घरी आणलं आणि गोधडीची कड उसवली. आत चौथं लुगडं होतं.

गोधड्या शिवणाऱ्या मावशी मागच्या गल्लीत राहत. वाटेत वाक्य पाठ करत गेले, दारात ते विसरले.

"मावशी, आत... चार आहेत."

"व्हय. तिकडं बर्फ पडतंय म्हनं. तीन लुगड्यांत कशी थंडी जायची?"

"पण वजन..."

"माज्या पेटीतलं घातलंय. तुज्याकडं मागितलं का?"

शेजारीण भिंतीवरून वाकली. "अगं बया, मुक्या मॅडमला वाचा फुटली!"

एरवी मी तिथून निघाले असते. त्या दिवशी पायरीवर बसले आणि सगळं सांगितलं: काटा, तिकिटं, पप्पांची अट, पन्नास मुलं. मावशींची सुई चालूच होती.

"मंग ज्याला ऊब पायजे त्यानं पैसं द्यावं की. मागाया काय झालं?"

"लाज वाटते."

"मला न्हाई वाटत. माज्या नावानं लिव्ह."

मी भावाला आणि आधीच्या गिऱ्हाइकांना लिहिलं. यापुढे गोधडी दोन प्रकारची, तीन लुगड्यांची आणि चार लुगड्यांची. चौथ्याचे पैसे वेगळे, टपालखर्च वजनाप्रमाणे घेणाऱ्याचा. आमच्या शिवणाऱ्या बाईंच्या मते बर्फात तीन पुरत नाहीत, म्हणून आधीच्या गोधड्यांतही त्यांनी चारच घातली होती. पुण्याचा नंबर लागला आणि बटणावरचं बोट हलेना. जन्मात पहिल्यांदा मी एसटीडीची मिनिटं नुसती जळू दिली. मग पाठवलं. भावाने पान बदललं.

आठवड्याने एका आधीच्या गिऱ्हाईक बाईंचं उत्तर आलं. त्यांच्या गोधडीत चार लुगडी होती, हे त्यांना आत्ता कळलं होतं. अजून दोन हव्या होत्या, चारच्याच. टपालाचे किती, एवढंच विचारलं होतं. घासाघीस नाही, कुरकूर नाही. मी ते पत्र मावशींना मराठीत वाचून दाखवलं. शेजारणीलाही ऐकू जाईल, इतक्या मोठ्याने.

त्यानंतर तीनची गोधडी कुणीच मागितली नाही.

दिवाळीच्या आठवड्यात पोस्टात रांग दारापर्यंत होती. काकांनी पार्सल काट्यावर ठेवलं.

"मॅडम, अमेरिका आज पण जड!"

"जडच पाहिजे," मी म्हणाले. "लावा तिकिटं. अजून चार आहेत मागे."

रांग हसली, पण या वेळी काकांना.

घरी आले तेव्हा बी.एड.चा फॉर्म टेबलावर नव्हता. पप्पांनी तो कपाटात टाकला होता. त्या जागी त्यांनी बाजारातून आणलेला छोटा वजनकाटा होता, कागदातसुद्धा गुंडाळलेला नव्हता.